सळई कुठे टेकते

सूतकाकांच्या हातचं काम वर्कशॉपमध्ये परत आलं. सदतीस वर्षं एकाच लेथवर, पोलाद फिरवून कापायच्या यंत्रावर, उभ्या राहिलेल्या माणसाकडे पहिल्यांदाच एक पोलादी रोलर गेला तसा माघारी आला होता. गोणपाटातून काढून तो टेबलावर ठेवताना जो ठक्कन आवाज झाला, तो सगळ्यांनी ऐकला. ड्रिलवाल्यानं ड्रिल बंद केलं, वेल्डरनं काच डोक्यावर चढवली, आणि दोघंही आपापल्या टेबलावर हरवलेलं काहीतरी शोधायला लागले.

काकांचं खरं नाव आता फक्त हजेरीच्या पुस्तकात उरलं होतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जुन्या कारागिरांचं माप. बाकीचे कधीच मिलिमीटरवर गेले. काकांच्या तोंडी मात्र ‘सूतभर डावीकडे घे’, ‘मीठ सूतभर जास्त झालंय’ असंच. म्हणून ते सूतकाका. बोलायला सूत, पण हात चालायचा केसाच्या जाडीवर.

रोलरबरोबर सळयांच्या कारखान्यातल्या इंजिनिअर बाई स्वतः आल्या होत्या. तिशीतल्या असतील. आवाज हळू, पण बोलणं सरळ.

“काका, रागावू नका. जरा इथे बघा.”

डमरूला मध्ये कंबर असते तशी त्या रोलरला होती. बाईंनी पिशवीतून पेन्सिलीएवढी जाड, अगदी सरळ अशी सळई काढली, रोलरच्या कंबरेवर तिरकी ठेवली आणि मागून टॉर्च धरला. सळई कंबरेवर टेकली होती. दोन्ही टोकांनाही टेकली होती. त्यांच्या मध्ये मात्र, कंबरेच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला एक, अशा उजेडाच्या दोन बारीक फटी दिसत होत्या.

“वाकडी सळई अशा दोन रोलरांमधून गरगरत पुढे जाते आणि सरळ होऊन बाहेर पडते,” बाई म्हणाल्या. “त्यासाठी रोलरनं तिला आख्ख्या अंगानं धरायला हवं. हा तीनच जागी चिमटे काढतो. सळई सरळ होणं राहिलं बाजूला, तिच्या अंगावर वळ उठतात.”

“मापं तर बरोबर आहेत,” काका म्हणाले. “कंबर एकशे वीस मिलिमीटर, टोकं एकशे सत्तरला जराशी कमी, लांबी एकशे साठ. झिजलेल्या रोलरवरूनही ताडून घेतली होती.”

“मापं बरोबरच आहेत. मधला बाक चुकलाय. तुम्ही वर्तुळाचा तुकडा काढलात.”

“मग दुसरं काय काढणार?”

बाईंनी ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे एक समीकरण होतं आणि त्याच्या आधी एक शब्द: अपास्त.

हा शब्द काकांनी पहिल्या दिवशीच वाचला होता. ‘अ-पास, म्हणजे हे ड्रॉइंग त्यांच्याच ऑफिसात पास झालेलं दिसत नाही,’ असं म्हणून ड्रिलवाल्याला हसवलंही होतं. मग नेहमीच्या सवयीनं कंबर आणि दोन टोकं असे तीन बिंदू घेतले, त्यांच्यातून एक छान गोलाई काढली आणि पोलाद कापलं. आता त्यांना हसू येईना.

“पुढच्या शुक्रवारपर्यंत मिळेल?” बाईंनी विचारलं. “मशीन बंद आहे.”

“मिळेल,” काका म्हणाले. कसं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

कापलेलं पोलाद काही परत चिकटत नाही, म्हणून मालकांनी नवा ठोकळा मागवला आणि “होतं कधीकधी, काका,” एवढंच म्हणाले. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

शनिवारी जेवताना काकांनी ड्रॉइंगचा कागद ताटाशेजारी पसरला. बायकोनं तो आधी आमटीपासून वाचवला आणि मग उलटासुलटा करून पाहिला.

“घरात गणिताची खाण असताना तुम्ही कागदाकडे टक लावून काय बसलाय? उद्या वहिनींकडे जा की.”

“त्यांना कशाला त्रास?”

“त्रास त्यांना का तुम्हाला?”

काकांनी कागदाची गुंडाळी केली. वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. मुलींच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या, दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या. येणं-जाणं होतं, माया होती, थट्टामस्करीही होती. पण त्यांच्यासमोर गणित काढायचं म्हटलं की काका विषयच बदलायचे. का, ते बायकोलासुद्धा माहीत नव्हतं.

काका सतरा वर्षांचे असताना वहिनी लग्न होऊन घरात आल्या. गणित घेऊन पदवीधर झालेली सून म्हणून सगळ्यांना कौतुक. दिराचं शाळेच्या शेवटच्या परीक्षेचं वर्ष, तेव्हा रोज संध्याकाळी एक तास वहिनींनी त्याला शिकवायचं ठरलं. टेबल होतं खिडकीशी, आणि खिडकीसमोर रस्त्यापलीकडे एक दुरुस्तीचं दुकान. तिथे एक जुनी लेथ दिवसभर फिरत असे आणि लोखंडाचे निळसर कुरळे कीस जमिनीवर पडत असत. वहिनी पाटीवर आकृत्या काढायच्या, समजावून सांगायच्या, ‘कळलं का भाऊजी?’ विचारायच्या. भाऊजी खिडकीवरची नजर न काढता मान हलवायचे. पालथ्या घड्यावर पाणी! वहिनी गेल्या की पुस्तक मिटायचं, ते दुसऱ्या दिवशी त्या आल्यावरच उघडायचं.

निकाल लागला. गणितात नापास. वडिलांनी सगळ्यांसमोर जाब विचारला, आणि त्या सतरा वर्षांच्या जिभेनं सुटकेची जी पहिली वाट दिसली ती धरली. “वहिनी शिकवतात ते डोक्यात शिरतच नाही. उलट येत होतं तेही विसरलो.”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात ट्रे होता. त्यांनी दिराकडे एकदा पाहिलं आणि ट्रे आत नेऊन ठेवला.

“सूनबाई,” वडील म्हणाले, “शिकवणं पुरे आता. घरातल्या एका पोराला पास करता येईना, बाहेरच्यांना काय शिकवणार?” शिक्षिका होण्याच्या अभ्यासक्रमाचा भरलेला अर्ज वहिनींच्या कपाटात होता. तो त्या वर्षी गेला नाही, पुढच्या वर्षीही गेला नाही. पुढे वहिनी शिकल्या, नोकरीला लागल्या, नावाजल्या. पण थोरल्या भावाला त्या दिवसापासून एक विनोद मिळाला. घरात चार माणसं जमली की तो म्हणायचा, “आमच्या हिनं हजार पोरी पास केल्या हो, नापास झाला तो एकटा माझा भाऊ!” सगळे हसायचे. वहिनी हसायच्या. काकाही हसायचे.

रविवारी दुपारी काका ड्रॉइंग गुंडाळी करून वहिनींच्या दारात उभे राहिले. भाऊ आतल्या खोलीत झोपला होता. त्याचं घोरणं दारापर्यंत येत होतं.

“या भाऊजी. चेहरा का असा एरंडेल प्यायल्यासारखा?”

“वहिनी, अपास्त म्हणजे काय?”

वहिनींनी चष्मा लावला, ड्रॉइंग टेबलावर पसरलं आणि कोपऱ्यातली ओळ वाचली. मग काकांकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, टोमणाही नव्हता. दारावर कोण आलंय ते ओळखायला लागतो तेवढाच वेळ त्या थांबल्या.

“बसा,” त्या म्हणाल्या. “खिडकीकडे पाठ करून बसा.”

काका निमूट खुर्ची फिरवून बसले.

वहिनींनी कोरा कागद आणि पेन्सिल घेतली आणि रेघ काढायला लागल्या. रेघ सरळ जाईना. मुंग्यांची रांग फुटावी तशी ती इकडेतिकडे जात होती. अर्ध्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“हे कधीपासून?” काकांनी विचारलं.

“चार वर्षं होतील. हाताला कंप आहे. डॉक्टर म्हणतात वाढणार नाही, पण जाणारही नाही. फळ्यावर वर्तुळ काढलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. म्हणून तर निवृत्तीच्या वयाच्या वर्षभर आधीच शाळा सोडली.”

“मला वाटलं, गुडघ्यांमुळे.”

“गुडघ्यांनी कधी कोणाचं गणित अडतं का?” त्यांनी पेन्सिल काकांपुढे सरकवली. “हात तुमचा, तोंड माझं. जमेल?”

काकांनी पेन्सिल घेतली.

“आधी आकृती नको,” म्हणत वहिनी उठल्या आणि खराट्याच्या मूठभर काड्या घेऊन आल्या. काड्यांच्या जुडीला मध्यावर रबर लावला, वरची टोकं एका हातात आणि खालची दुसऱ्या हातात धरायला काकांना सांगितलं. “आता पीळ द्या.”

काकांनी पीळ दिला. काड्या तिरक्या झाल्या, वर-खाली फुलल्या आणि मध्ये कंबर आली. डमरूसारखी. रोलरसारखी. काकांनी एक काडी बाहेर ओढून डोळ्यासमोर धरली. सुतासारखी सरळ. परत जुडीत खोवली, तर कंबर गोल.

“एकही काडी वाकलेली नाही,” ते म्हणाले.

“एकही नाही. तिरक्या सरळ रेघांनी बनलेली गोल कंबर आहे ही. म्हणून तुमची सळई तिच्यावर आख्ख्या अंगानं टेकू शकते. ती या काड्यांमधलीच एक काडी. आता ही जुडी मधोमध उभी कापली, तर कडेला जो बाक दिसेल तो अपास्त. तुमच्या वर्तुळाचा आणि त्याचा काही संबंध नाही.”

“दिसायला तर तसाच दिसतो.”

“लांबून मीठ आणि साखरही सारखीच दिसतात. जवळून बघायचं. फळी आहे का एखादी?”

फळी हवी म्हणून काकांनीच कपाटातला एक कप्पा रिकामा केला, फळी काढून टेबलावर ठेवली आणि तिच्यावर कागद डकवला. वहिनी एकेक सांगत गेल्या आणि काका काढत गेले.

“मध्ये टिंब द्या. हे केंद्र. इथून आडवी एक रेघ, उभी एक रेघ. उभी रेघ म्हणजे तुमच्या रोलरचा दांडा. आता आडव्या रेघेवर केंद्रापासून साठ मिलिमीटरवर उजवीकडे एक खूण, डावीकडे एक. हे दोन शिरोबिंदू. अपास्ताला दोन शाखा असतात, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. दोघी एकमेकींच्या सगळ्यात जवळ येतात त्या इथे.”

“म्हणजे ही रोलरची कंबर. एकशे वीस.”

“शाबास. समीकरणात छत्तीसशे लिहिलंय ना? साठाचा वर्ग. दुसरा आकडा चौसष्टशे.”

“ऐंशीचा वर्ग,” काका म्हणाले.

“मग उभ्या रेघेवर वर-खाली ऐंशी घ्या आणि चौकट पूर्ण करा. आता चौकटीचे कर्ण काढून ते बाहेर वाढवा. या अनंतस्पर्शिका. नावाला घाबरू नका. अपास्ताच्या शाखा जितक्या लांब जातील तितक्या या रेघांच्या जवळ येत राहतात, पण टेकत कधीच नाहीत.”

“आमच्या मालकांच्या नव्या लेथसारखं. दर वर्षी जवळ येते.”

वहिनी हसल्या. काका मात्र त्या तिरक्या रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी ड्रॉइंगवरची सळईची तिरकी रेघ पाहिली, कोनमापक लावून कोन ताडला. तोच.

“वहिनी, ही तर सळई आहे. पण तुम्ही म्हणता ही टेकत नाही. आणि सळई तर टेकायलाच पाहिजे!”

वहिनींनी चष्मा काढला. बत्तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना एकाही मुलीनं विचारला नव्हता. त्यांनी थोडा विचार केला, मग एक काडी उचलली आणि कागदाच्या वर, हवेत, त्या रेघेशी समांतर धरली. काडी थरथरत होती, पण कोन बरोबर होता.

“सळई कागदात नाहीच. ती कागदाच्या अलीकडे आहे, साठ मिलिमीटर. रोलरच्या पोटावर. कागदावर पडलीय ती तिची सावली. टेकत नाही ती सावली. सळई टेकते.”

काकांनी बराच वेळ काडीकडे आणि रेघेकडे आळीपाळीनं पाहिलं. “हं,” ते म्हणाले. हे ‘हं’ सदतीस वर्षांपूर्वीच्या मान हलवण्यातलं नव्हतं, हे वहिनींना कळलं.

“आता नाभी. या दोन असतात, आडव्या रेघेवरच, शिरोबिंदूंच्याही बाहेर. त्या किती लांब, ते काढायचं तर साठ आणि ऐंशीच्या काटकोनाचा कर्ण...”

“शंभर.”

“इतक्या लवकर?”

“तीन-चार-पाच. शेडचा पाया आखताना दोरीनं काटकोन असाच लावतात. त्याला गणित थोडंच लागतं?”

“नाही हो, अजिबात नाही,” वहिनी म्हणाल्या. “ठोका तिथे खिळे.”

दोन्ही नाभींवर दोन खिळे बसले. वहिनींनी सांगितलं, की या वक्रावरच्या कुठल्याही बिंदूपासून दोन्ही खिळ्यांचं अंतर मोजा आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तर कायम एकच. इथे एकशे वीस. म्हणून चारशे मिलिमीटरची लाकडी पट्टी घ्यायची, तिचं एक टोक डाव्या खिळ्यावर फिरतं बसवायचं. पट्टीपेक्षा एकशे वीसनं आखूड, म्हणजे दोनशे ऐंशीची दोरी घ्यायची. तिचं एक टोक पट्टीच्या मोकळ्या टोकाला, दुसरं उजव्या खिळ्याला. पेन्सिलीनं दोरी पट्टीच्या कडेला दाबून ताणलेली ठेवायची आणि पट्टी फिरवायची.

काकांनी डाव्या हातानं पट्टी फिरवली. पेन्सिल शिरोबिंदूवरून निघाली आणि कागदावर एक बाक उमटत वर गेला. सुरुवातीला गोलसर, मग हळूहळू अंग सैल सोडल्यासारखा, मग जवळजवळ सरळ. काकांच्या हातानं आजवर हजारो बाक काढले होते. हा त्यातला नव्हता. वर्तुळ एकाच सुरात वळत जातं. हा पुढे पुढे वळायचं सोडत होता. टोकं बरोबर असूनही मधे फट का राहिली, ते काकांच्या हाताला डोक्याच्या आधी कळलं.

“थांबा,” वहिनी म्हणाल्या. “कंबरेपासून चाळीसवर माप घ्या. मी आकडा सांगते, तुम्ही मोजा.” त्यांनी डोळे मिटले. चाळीसचा वर्ग, त्याचे नऊ सोळांश, त्यात छत्तीसशे, त्याचं वर्गमूळ. ओठ हलत होते. “सदुसष्टला जरासं वर. शून्य पूर्णांक शून्य आठ.”

काकांनी व्हर्नियर लावलं. “सदुसष्ट पूर्णांक एक.”

“आणि तुमच्या परत आलेल्या रोलरचं?”

काकांनी खिशातली वही काढली. “पासष्ट पूर्णांक आठ. म्हणजे सव्वा मिलिमीटर जास्त कापलं.” त्यांनी मान खाली घातली. “सुताच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त!”

तेवढ्यात घोरणं थांबलं. थोरला भाऊ डोळे चोळत बाहेर आला. आधी त्याची नजर कपाटातल्या रिकाम्या कप्प्याकडे गेली, मग जमिनीवर रचलेल्या कपड्यांकडे, मग टेबलावरच्या फळीकडे.

“माझ्या फळीला भोकं कोणी पाडली?”

“मी,” काका म्हणाले. “नवी करून देतो.”

भावानं कागद पाहिला, दोरी पाहिली, आणि चेहऱ्यावर हसू पसरलं. “शिकवणी चाललीय वाटतं? अगं, एकदा नापास केलंस ना त्याला? आता पोलादाच्या रोलरला तरी पास कर!”

वहिनी हसल्या. सदतीस वर्षं हसत आल्या होत्या तशाच. त्या चहा टाकायला वळणार, तोच काकांनी पेन्सिल टेबलावर ठेवली.

“दादा, मी तेव्हा पुस्तकच उघडलं नव्हतं.”

“काय?”

“वहिनी रोज तासभर शिकवायच्या आणि मी खिडकीतून समोरची लेथ बघायचो. एक दिवससुद्धा अभ्यास केला नाही. बाबांनी विचारलं, तेव्हा घाबरलो आणि त्यांच्यावर ढकललं. त्यांच्या शिकवण्यात काही खोट नव्हती.”

भाऊ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्यानं बायकोकडे पाहिलं. “तुला माहीत होतं?”

“मी समोरच तर बसायचे,” वहिनी म्हणाल्या. “माहीत नसायला काय झालं?”

“मग बोलली का नाहीस?”

“नवी सून म्हणाली असती, पोरगा खिडकीतून बाहेर बघतो, तर कोणाचं खरं मानलं असतं? आणि भाऊजी फारच घाबरलेले होते.”

काका उठून उभे राहिले. बोलायचं बरंच ठरवलं होतं, पण तोंडातून आलं ते एवढंच. “चुकलो, वहिनी. तुमची दोन वर्षं गेली.”

“गेली,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी ते झाकलं नाही, की गोडही केलं नाही. मग म्हणाल्या, “रागही होता. पुष्कळ दिवस होता. तुमचं वर्कशॉपमध्ये नाव झालं, तेव्हा तर जास्तच आला. पुढे शाळेत रोज पाच-सहा मुली खिडकीबाहेर बघणाऱ्या भेटायला लागल्या, मग कमी होत गेला. त्यांना मी खिडकीकडे पाठ करून बसवायचे.”

थोरला भाऊ स्वयंपाकघरात गेला. भांड्यांचा आवाज झाला, काहीतरी सांडलं, आणि बऱ्याच वेळानं तो स्वतः तीन कप चहा घेऊन आला. त्यात साखर नव्हती. तिघांनी तो तसाच प्यायला. कप ठेवताना भाऊ बायकोला म्हणाला, “मी ते परत कधी म्हणणार नाही.” वहिनींनी मान हलवली.

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून कोष्टक केलं. कंबरेपासून दर दोन मिलिमीटरला रोलरचा व्यास किती; वहिनींनी सांगायचं, काकांनी लिहायचं. शेवटी वहिनी म्हणाल्या, “एक राहिलं. माझ्या रेघेला जाडी नसते, तुमच्या सळईला आहे.”

“इंजिनिअर बाईंनी ती धरून आकडे दिलेत. त्यातून केसभर उरलंच तर ते माझं खातं. तिथे तुम्ही लुडबुड करायची नाही.”

सोमवारी काकांनी त्या कागदावरून पत्र्याचा फर्मा, म्हणजे बाक ताडून बघायचा नमुना, कापला. मंगळवारी नवा ठोकळा लेथवर चढवला. वर्तुळाचा बाक काढताना हात एकदा चालायला लागला की आपोआप चालतो. इथे दर दोन मिलिमीटरला थांबायचं, कोष्टक बघायचं, मोजायचं, पुन्हा कापायचं. रोलरवर बारीक बारीक पायऱ्या उमटत गेल्या. बुधवारी त्या पायऱ्या कानशीनं मोडल्या, मग पॉलिशपेपर. फर्म्याच्या कडेला निळी शाई लावून तो रोलरवर टेकवायचा, जिथे डाग उमटेल तिथे हलकेच घासायचं. गुरुवारभर तेच चाललं आणि शुक्रवारी सकाळी रोलर तयार झाला.

ड्रिलवाल्यानं न सांगता दिवे मालवले. काकांनी रोलरवर सळई तिरकी ठेवली आणि वेल्डरनं मागून टॉर्च धरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत अंधार. काकांनी सळई उचलली, फिरवून दुसऱ्या जागी ठेवली. अंधारच. तिसऱ्या जागी एका ठिकाणी केसभर उजेड दिसला. त्यांनी तिथे खडूनं खूण केली, अर्धा तास घासलं आणि मगच रोलर गोणपाटात बांधायला दिला.

पुढच्या आठवड्यात कारखान्यातून निरोप आला, की मशीन चाललं, सळया सरळ येतायत, वळ नाहीत. इंजिनिअर बाईंनी फोनवर विचारलं, “काका, कोणाकडून काढून घेतलंत?”

“माझ्या वहिनींनी शिकवलं,” काका म्हणाले. “त्यांना मशीन बघायला आणू का?”

वहिनींनी आधी आढेवेढे घेतले, मग ठेवणीतला चष्मा लावून निघाल्या. कारखान्यात आवाज एवढा होता, की इंजिनिअर बाईंना सगळं हातवारे करून सांगावं लागत होतं. एका बाजूनं वाकडी सळई आत जायची, तिरक्या मांडलेल्या दोन रोलरांमध्ये गरगरत शिरायची, आणि पलीकडून सरळ होऊन निघायची. वहिनी एकेक सळई बाहेर येताना बघत राहिल्या. बाहेर पडलेल्या सळईवर त्यांनी तळहात ठेवला. हात थरथरत होता आणि सळई गरम होती, पण त्यांनी तो काढला नाही.

“बत्तीस वर्षं मी हा वक्र शिकवला,” त्या काकांच्या कानाशी ओरडून म्हणाल्या. “दर वर्षी पाच मार्कांचा प्रश्न. पण त्याला काम करताना आज पहिल्यांदा बघतेय.”

जेवणाची सुट्टी झाली, मशीन थांबलं आणि अचानक सगळीकडे शांत झालं. मशीन चालवणारा ऑपरेटर हात पुसत त्यांच्याजवळ आला. काकांनी त्याला वहिनींची ओळख करून दिली, तेव्हा तो म्हणाला, “बाई, या रोलरचं गणित आम्हालाही सांगा की. आम्ही आपले फक्त बटण दाबतो.”

वहिनींनी पदर खोचला आणि वाकून रोलरच्या कंबरेवर बोट ठेवलं. “हा शिरोबिंदू. इथे दोन्ही शाखा सगळ्यात जवळ. आणि नाभी इथे.” त्यांचं बोट कंबरेपासून चार सेंटीमीटर बाहेर, हवेत थांबलं.

“तिथे तर काहीच नाही,” ऑपरेटर म्हणाला.

“नाहीच. पण सगळं मोजायचं ते तिथून.”

ऑपरेटरनं मान तिरकी करून त्या रिकाम्या जागेकडे नीट पाहिलं. “आणि दुसरी?”

“दुसरी पलीकडच्या बाजूला,” म्हणत वहिनी मशीनला वळसा घालायला निघाल्या, आणि डबा सोडून तो त्यांच्या मागोमाग गेला.